झाडीपट्टीच्या नाटकात टेप इको पेडल कसं लावायचं

झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, नाटकाच्या गावी पोचलो की गिटारची पिशवी उघडण्याआधी मी मंचावर उभा राहून एक टाळी वाजवतो. समोर नुसत्या कापलेल्या धानाच्या बांध्या असतील तर टाळी जाते ती जातेच. समोर शाळेची भिंत असेल तर ती परत येते. मग मी भिंतीपर्यंत पावलं मोजतो. भिंत 45 मीटरवर असेल तर आवाज जाऊन-येऊन 90 मीटर चालतो. थंडीत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 340 मीटर असतो, म्हणजे टाळी 265 मिलिसेकंदांनी परत येते. त्या रात्री इको पेडलचा (गिटारचा सूर थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणाऱ्या डबीचा) वेळ मी एकतर 265 च्या जवळ ठेवतो, नाहीतर सरळ 130 वर आणतो. मधे 200 वर ठेवला तर भिंतीचा इको आणि पेडलचा इको एकमेकांच्या पायात पाय घालतात, आणि मागच्या रांगेला नुसता गोंगाट ऐकू जातो.

गडचिरोलीतल्या वडशाला माझं मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. दिवाळीनंतर मंडई (गावोगावच्या जत्रा) सुरू झाल्या की होळीपर्यंत माझ्या रात्री नाटकात जातात. दिवसा गावात शंकरपट (बैलांच्या शर्यती), रात्री दहाच्या पुढे नाटक, आणि पहाटेपर्यंत आम्ही वादक मंचासमोर खाली सतरंजीवर. ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड आणि कडेला मी. आमच्या भागातली तीन-चार गिटार वाजवणारी पोरं दरवर्षी दुकानात येऊन हेच विचारतात की इको पेडल घेतला, पण आवाज चिखलासारखा का येतो. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

टेप इको पेडल ज्याची नक्कल करतो ते जुनं यंत्र आधी डोळ्यासमोर आणा, म्हणजे नॉब आपोआप समजतात. टेप इकोमध्ये चुंबकीय फितीचा एक वळसा सतत फिरत असतो. एक हेड गिटारचा आवाज फितीवर लिहितं, थोडं पुढे दुसरं हेड तो वाचतं, आणि वळसा पूर्ण होताना तिसरं हेड जुनं पुसून टाकतं. लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या हेडमधलं अंतर म्हणजे इकोचा वेळ. अंतर 5 सेंटिमीटर आणि फीत सेकंदाला 38 सेंटिमीटर धावत असेल तर इको 130 मिलिसेकंदांनी येतो; फीत निम्म्या वेगाने गेली तर 260 नी. वाचलेला आवाज थोडा परत लिहिणाऱ्या हेडकडे पाठवला की इकोचा इको, त्याचा पुन्हा इको. पेडलवर ‘रिपीट’ लिहिलेला नॉब हेच काम करतो.

आता मुख्य गोष्ट. फितीवरून प्रत्येक फेरीत आवाजाची धार थोडी झिजते. पहिला इको गिटारसारखा, दुसरा पडद्याआडून आल्यासारखा, तिसरा शेजारच्या घरातून, चौथा नुसता गुणगुणतो. साध्या डिजिटल डिलेत चौथा इकोही पहिल्याइतकाच टोकदार असतो, आणि त्याचं टोक नटाच्या शब्दांवर जाऊन बसतं. माणसाच्या बोलण्यातले च, ट, स हे सगळे वरच्या पट्टीतले आवाज. इको तिथून बाजूला झाला की संवाद मोकळा राहतो. नाटकात टेप इकोच का, याचं माझ्यापुरतं हेच उत्तर आहे.

हे मी एका चुकीतून शिकलो. मुलीच्या बिदाईचा प्रसंग होता. ती “आई” म्हणून थांबते आणि मग अगदी खालच्या आवाजात एक वाक्य बोलते. मी “आई” नंतर दोन सूर छेडले. वेळ 400, रिपीट चार, आवाज कोरा-चकचकीत. चार रिपीट म्हणजे 1.6 सेकंद, आणि ती बोलली सव्वा सेकंदात. तिचं वाक्य माझ्या तिसऱ्या-चौथ्या इकोखाली दबलं. पुढे बसलेल्या बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. शेजारच्या ऑर्गनवाल्या काकांनी न बोलता माझ्या गुडघ्यावर दोनदा बोट आपटलं. तेव्हापासून तालमीत मी नटाचा श्वास मोजतो. शेवटचा रिपीट त्याच्या पुढच्या शब्दाआधी संपलाच पाहिजे. वेळ गुणिले रिपीट, एवढाच हिशेब.

सुरुवात अशी करा. सगळे नॉब शून्यावर आणा आणि गिटार कोरी वाजवा. मग मिक्स, म्हणजे मूळ सुरात इको किती मिसळायचा तो नॉब, हळूहळू वाढवत जा. इको स्पष्ट ऐकू आला की तिथून थोडा मागे या. आपल्याला तो ऐकू येतोय असं वाटलं म्हणजे तो आधीच जास्त झालेला असतो, कारण भोंग्यांतून मैदानावर तो आणखी पसरतो. दोन सुरांमधली जागा रिकामी वाटू नये, एवढाच इको हवा.

लावणी किंवा ठसकेबाज गाण्याला 120 ते 140 मिलिसेकंद, रिपीट एकच, मिक्स तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. अमेरिकेत 1950 च्या दशकात गिटारवर आणि गाण्यावर हाच एकेरी टोला फार चालला. आपल्या ढोलकीच्या थापेमागे तो इतका चपखल बसतो की तबलेवाला मान डोलवतो. ढोलकी जोरात असेल तरी मिक्स कमी करू नका, रिपीट मात्र एकच राहू द्या.

तालावर बांधायचं असेल तर घड्याळ लावून 15 सेकंदांत किती ठोके पडतात ते मोजा आणि चाराने गुणा. 25 ठोके आले तर मिनिटाला 100. मग 60,000 ला 100 ने भागा, आले 600 मिलिसेकंद. हा पूर्ण ठोका झाला. केरव्यात मी त्याचा पाऊणपट घेतो, 450. मग साधे सूर वाजवले तरी मधल्या जागा इकोच भरतो आणि दोन गिटारी वाजल्यासारख्या वाटतात. दादऱ्यात पाऊणपट चालत नाही, तिथे ठोक्याचा तिसरा किंवा दोन-तृतीयांश हिस्सा धरा. टॅपचं बटण (ठोक्यावर दाबून वेळ लावायचं) असेल तर हिशेबाची गरज नाही, पण नाटकात लय मधेच सुटते आणि नट गाणं तोडून संवाद घेतो. म्हणून आकडे तोंडपाठ असावेत.

‘वॉव-फ्लटर’ नावाचा नॉब दिसला की पोरं तो पूर्ण फिरवतात. आमच्या घरी टू-इन-वन टेप होता. लाइट गेली की तो सेलवर चालायचा, आणि सेल उतरले की गायकाचा आवाज खाली जाऊन हळूच वर यायचा, पाण्यावर डोलल्यासारखा. ती संथ डोलणी म्हणजे वॉव. मोटरच्या नाहीतर रबरी रोलरच्या दोषाने येणारी बारीक थरथर म्हणजे फ्लटर. इकोला एवढीशी डोलणी असेल तर तो मूळ सुरापासून वेगळा होतो आणि गोड लागतो. जास्त झाली तर ऑर्गनशी गिटार बेसूर वाटते, कारण ऑर्गनचा सूर जागचा हलत नाही. नॉब दहापैकी दोनवर ठेवा. ऑर्गन लांब सूर धरून असेल तर एकवर.

पेडल कोणत्या यंत्राची नक्कल करतो ते बघून घ्या, कारण स्वभाव तिथूनच येतो. लंडनच्या चार्ली वॉटकिन्स यांचा कॉपिकॅट 1958 चा. अमेरिकेतल्या एकोप्लेक्समध्ये हेड सरकवून वेळ बदलतो. त्याच्या ईपी-3 मॉडेलचा प्रीअँप (आत येणारा आवाज आधी वाढवणारा भाग) गिटारला इतका भरीवपणा देतो की काही वादक इको बंद ठेवूनही ते यंत्र जोडून ठेवत. 1974 च्या रोलँड आरई-201 मध्ये वाचणारी तीन हेडं, शिवाय स्प्रिंग रिव्हर्ब, म्हणजे स्प्रिंगमधून येणारा घुमारा. इटलीच्या बिन्सन एकोरेकमध्ये तर फीतच नाही, फिरणाऱ्या चुंबकीय ड्रमवर आवाज लिहिला जातो. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मर यांनी तो बराच वापरला. एका गिटारवाल्याला नाटकासाठी एकोप्लेक्सच्या जातीचा पेडल पुरतो. तीन हेडं एकदम चालू केली की इको एकमेकांत मिसळून गर्दी होते. रोलँडच्या जातीचा असेल तर एकच हेड निवडा.

बाजारात बॉसचे आरई-2 आणि आरई-202, स्ट्रायमनचा एल कॅपिस्टन, डनलॉपचा एकोप्लेक्स डिले असे नामी पेडल आहेत. स्वस्तात एनयूएक्सचा टेप कोर डिलक्स आहे, आणि शिकणाऱ्याला तो घ्यायला मी सांगतो. स्टिरिओसाठी जास्त पैसे मोजू नका, गावातला साउंड मोनोच असतो.

सोल्डरिंग येत असेल तर आणखी एक वाट आहे. पीटी2399 ही चिप कराओकेच्या इकोसाठी बनली. इकोच्या अनेक स्वस्त किटमध्ये तीच असते. ती 5 व्होल्टवर चालते, साधारण 340 मिलिसेकंदांपर्यंत नीट आवाज देते, त्यापुढे खरखर वाढते. सहाव्या पायावरच्या रेझिस्टरने वेळ ठरतो; तो दोन किलोओहमच्या खाली नेऊ नका, चालू करताना चिप अडकून बसते. टेपचा मऊपणा हवा असेल तर रिपीटच्या वाटेत 10 किलोओहमचा रेझिस्टर आणि त्याच्यापुढे जमिनीकडे 4.7 नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर लावा. साधारण 3,400 हर्ट्झच्या पुढचा आवाज प्रत्येक फेरीत उतरत जातो. माझा पहिला इको असाच होता, पत्र्याच्या डब्यात. तो अजून चालतो.

जोडणीचा क्रम: गिटार, ओव्हरड्राइव्ह (सूर फाडून जाड करणारा पेडल), मग इको. उलटं केलंत तर इकोच फाटतो आणि सगळे रिपीट मूळ सुराच्याच आवाजात येतात. अँपशिवाय सरळ मिक्सरमध्ये जात असाल तर शेवटी स्पीकरची नक्कल करणारा पेडल हवाच, नाहीतर भोंग्यातून गिटार डासासारखी वाजते.

मिक्सर आला की साउंडवाला आला. त्याच्या मिक्सरवर गायकासाठी इको लावलेला असतो आणि सवयीने तो सगळ्या चॅनेलवर चढवतो. इकोवर इको बसला की वरची सगळी मेहनत पाण्यात. मी चहा घेऊन त्याच्याजवळ जातो.

“भाऊ, गिटारच्या चॅनेलवरचा इको पूर्ण बंद कर.”

“बंद केला त आवाज सुका लागते न भाऊ.”

“माह्या पेडलमधे आहे. तू गाणाऱ्याचा ठेव फक्त.”

मग त्याच्यासमोर एकदा वाजवून दाखवतो. रागावून सांगितलं तर दुसऱ्या अंकापर्यंत तो नॉब परत वर गेलेला असतो.

विजेचं मात्र नीट वाचा, पेडल इथेच मरतात. गिटारच्या बहुतेक पेडलला 9 व्होल्ट डीसी लागतो आणि पिनचा आतला भाग ऋण, बाहेरचा धन. वायफाय राउटरच्या अडॅप्टरमध्ये बहुधा हे उलटं असतं. एकदा घाईत मी तोच लावला. आतला संरक्षक डायोड जळाला, त्याने मार खाल्ला म्हणून पुढची चिप वाचली. अडॅप्टरवरचं गोल चिन्ह वाचल्याशिवाय पिन खोचू नका. मिलिअँपिअरही बघा, डिजिटल पेडलला 200-300 लागू शकतात, आणि कमी पडले की तो किणकिणतो किंवा मधेच बंद पडतो.

गावात नाटक बहुधा जनरेटरवर. शंभर हॅलोजन एकदम लागले की व्होल्टेज खाली बसतं, आणि अडॅप्टरमधून घूं असा आवाज येतो. मी पेडल जनरेटरवर लावतच नाही. 12 व्होल्टची छोटी बॅटरी, तारेत फ्यूज, मग 12 चे 9 व्होल्ट करणारा 7809 रेग्युलेटर. आत येणाऱ्या बाजूला 0.33 आणि बाहेर 0.1 मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, पाठीला अॅल्युमिनियमचा तुकडा. 250 मिलिअँपिअरवर जेमतेम 0.9 वॉट उष्णता होते, तुकडा कोमट राहतो. बॅटरी 11 व्होल्टच्या खाली गेली की 9 मिळत नाहीत, म्हणून मध्यंतरात मीटर लावून बघतो. 7 अँपिअर-तासाच्या बॅटरीवर रात्र आरामात निघते.

पेडल पायाखाली ठेवू नका. मी तो गुडघ्याजवळ पाटावर ठेवतो, कारण भुताटकीच्या प्रसंगात हात लागतो. पडदा काळोखात जाताना एक जाड सूर छेडा, रिपीट हळूहळू वाढवा; एका जागी इको विझायचा थांबतो आणि स्वतःच फुगायला लागतो. तिथे वेळेचा नॉब फिरवला की फितीचा वेग बदलल्यासारखा सूर खाली कोसळतो नाहीतर वर किंचाळतो. पुढच्या रांगेतली पोरं आईला बिलगतात. पण दुसरा हात मिक्सच्या नॉबवर हवा. तो खाली आणायला अर्धा सेकंद उशीर झाला तर भोंगा फाटतो, आणि नटाची एन्ट्री त्याच्याखाली जाते. घरी शंभरदा करून बघा, मग गावात.

पहाटे नाटक सुटतं तेव्हा सगळ्यावर दव असतं. पेडल तसाच पिशवीत कोंबू नका. सुती फडक्याने पुसा, जॅक काढून पाच-दहा मिनिटं उघडा ठेवा. धानाच्या तुसाची धूळ पॉटमध्ये (नॉबखालच्या फिरत्या रेझिस्टरमध्ये) जाऊन महिन्याभरात नॉब खरखरतो; कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारा आणि नॉब वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. बॅटरीची तार आधी काढा, पिशवी मग भरा.