पीएफसेन्सच्या दोन बॉक्सचा क्लस्टर: सिंक आणि लोड बॅलन्सिंग कसं लावायचं

पीएफसेन्सची (हे फायरवॉलचं, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कच्या दारावर पहारा देणारं, सॉफ्टवेअर) दुसरी फायरवॉल घेतली की ऑफिसात पहिला प्रश्न हाच येतो, की ही नुसती बसून वीज का खातेय, दोघींवर अर्धं अर्धं ट्रॅफिक टाका की. ऐकायला बरोबर वाटतं, पण हिशोब करा: दोन्ही बॉक्स ६० टक्के लोडवर पळताहेत आणि त्यातला एक मेला, तर उरलेल्यावर १२० टक्के येणार, म्हणजे ज्या दिवसासाठी दुसरा घेतला नेमका त्याच दिवशी तोही बसणार. आणि पीएफसेन्समध्ये तसंही हे होत नाही, तिथे एक बॉक्स काम करतो आणि दुसरा तयारीत उभा असतो. लोड वाटायचा तो नेटच्या लाइन्सवर, बॉक्सवर नाही. एवढं डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

तीन नावं सतत येणार. कार्प म्हणजे दोन बॉक्समध्ये फिरणारा सामायिक आयपी, जो मास्टर, म्हणजे त्या वेळी काम करणारा, असेल त्याच्याकडे तो राहतो. पीएफसिंक चालू कनेक्शनची माहिती, म्हणजे स्टेट्स, सतत पलीकडे पाठवत राहतं, त्यामुळे बॉक्स बदलला तरी चालू डाउनलोड तुटत नाही. आणि एक्सएमएल-आरपीसी हे रूल्स, नॅट (बाहेर जाताना आतला पत्ता बदलणं), युजर वगैरे सेटिंग्ज प्रायमरीवरून (मुख्य बॉक्स) सेकंडरीवर (राखीव बॉक्स) कॉपी करतं. तिन्ही वेगवेगळी आहेत, एक चाललं म्हणून बाकीची चालतात असं नाही, बहुतेक लोक इथेच फसतात. (कार्प २००४ साली ओपनबीएसडी ३.५ मध्ये आलं, व्हीआरआरपी या आधीच्या तशाच प्रोटोकॉलवर सिस्कोचा पेटंटचा दावा होता म्हणून. प्रोटोकॉल नंबर मात्र व्हीआरआरपीचाच, ११२, वापरला. त्यामुळे पॅकेट कॅप्चरमध्ये व्हीआरआरपी दिसलं तर घाबरू नका, ते तुमचंच कार्प असू शकतं.)

आधी तयारी

दोन्ही बॉक्स शक्यतो सारखे घ्या, व्हर्जन तर एकच हवं, आणि पोर्ट्सचा क्रम सेम टू सेम. इंटरफेसची नेमणूक एकीकडे एका क्रमाने आणि दुसरीकडे दुसऱ्या क्रमाने केलीत तर रूल्स कॉपी होऊन भलत्याच इंटरफेसवर बसतात. इंटरफेसची नेमणूक आणि त्यांचे आयपी सिंक होत नाहीत, ते दोन्हीकडे हाताने करायचं.

प्रत्येक नेटवर्कला तीन आयपी लागतात. लॅनसाठी (ऑफिसचं आतलं नेटवर्क) समजा प्रायमरीला १९२.१६८.१०.२, सेकंडरीला १९२.१६८.१०.३ आणि सामायिक १९२.१६८.१०.१. खरी अडचण वॅनला (बाहेरची, इंटरनेटची बाजू) येते, कारण प्रोव्हायडर एकच स्टॅटिक आयपी देतो. त्याच्याकडे /२९ चा ब्लॉक मागा, त्यात ८ पत्ते असतात, वापरायला ६ मिळतात, एक त्यांच्या राउटरला गेला तरी तुमचे तीन आरामात बसतात. तो देतच नसेल तर मोडेम राउटर मोडमध्ये ठेवून त्याच्या मागच्या प्रायव्हेट रेंजमधले तीन आयपी घ्या, डबल नॅट होतं, सुंदर नाही, पण छोट्या ऑफिसला चालून जातं.

सिंकसाठी एक पोर्ट वेगळा काढा आणि दोन बॉक्समध्ये सरळ केबल टाका, १७२.१६.१.२ आणि १७२.१६.१.३. पीएफसिंकच्या ट्रॅफिकला एन्क्रिप्शन नसतं, त्यामुळे ते सगळ्यांच्या लॅनवरून फिरवू नका.

सिंक

सिंक इंटरफेसवर दोन रूल टाका, पीएफसिंक प्रोटोकॉल अलाउ आणि एचटीटीपीएस अलाउ, आणि हे दोन्ही बॉक्सवर. मग सिस्टम मेनूमध्ये हाय अव्हेलेबिलिटीच्या पानावर जा, स्टेट सिंक चालू करा, इंटरफेस सिंक निवडा, आणि पीअर आयपीत समोरच्याचा पत्ता द्या. हेही दोन्हीकडे.

त्याच पानावर खाली एक्सएमएल-आरपीसीचा भाग आहे, तो फक्त प्रायमरीवर भरायचा. सेकंडरीवर तो कोराच ठेवा, नाहीतर दोघी एकमेकींवर सेटिंग्ज ढकलत बसतात. अ‍ॅडमिनचा पासवर्ड आणि वेब इंटरफेसचा पोर्ट दोन्हीकडे एकच ठेवा. सेव्ह केल्यावर प्रायमरीवर एक फालतू रूल बनवा आणि तो सेकंडरीवर उगवतो का बघा. उगवला तर पुढे चला, नाही उगवला तर बहुतेक वेळा पासवर्ड नाहीतर तो सिंक इंटरफेसवरचा रूल चुकलेला असतो.

सामायिक आयपी

फायरवॉल मेनूमध्ये व्हर्च्युअल आयपी, टाइप कार्प. मास्क इंटरफेसचाच द्या, /२४ असेल तर /२४, सवयीने /३२ देऊ नका. व्हीएचआयडी (त्या सामायिक आयपीचा ओळख नंबर) १ ते २५५ मधला कुठलाही, पण त्या सेगमेंटवर दुसऱ्या कुणाचा नसलेला, कारण त्यावरूनच सामायिक मॅक अ‍ॅड्रेसचा शेवटचा भाग ठरतो. वॅनवर तर १, २ टाळाच, प्रोव्हायडरकडचं व्हीआरआरपी तोच नंबर वापरत असेल तर भांडण लागतं. प्रायमरीला स्क्यू ० ठेवा, सेकंडरीवर तो आपोआप १०० होतो. ज्याचा स्क्यू कमी तो मास्टर.

नॅट, इथे मी स्वतः मार खाल्लाय

एका क्लायंटकडे सगळं लावलं, स्टेटस हिरवं, मी खूश. टेस्ट म्हणून प्रायमरी बंद केली, आणि कॉन्फरन्स रूममध्ये चालू असलेला व्हिडिओ कॉल जागेवर गोठला. स्टेट्स पलीकडे गेलेल्या होत्या बरं का, पण आउटबाउंड नॅट ऑटोमॅटिकवरच राहिलेलं, म्हणजे बाहेर जाणारं सगळं प्रायमरीच्या स्वतःच्या वॅन आयपीवरून जात होतं, आणि तो आयपी तिच्याबरोबरच गेला. उत्तर परत येणार कुठे?

म्हणून आउटबाउंड नॅट हायब्रिड करा, सोर्स लॅन ठेवा आणि ट्रान्सलेशनला वॅनचा कार्प आयपी निवडा. जितके वॅन तितके रूल. सोर्सला एनी टाकू नका, नाहीतर फायरवॉलचं स्वतःचं ट्रॅफिकही सामायिक आयपीवरून जायला बघतं आणि सेकंडरीला अपडेटसुद्धा मिळत नाहीत. डीएचसीपीमध्ये (मशीन्सना आपोआप आयपी देणारी सेवा) गेटवे आणि डीएनएस दोन्ही १९२.१६८.१०.१ द्या, आणि शाखेला जोडणारं व्हीपीएन असेल तर तेही कार्प आयपीवरच बांधा.

आता लोड बॅलन्सिंग

राउटिंगच्या पानावर गेटवे ग्रुप बनवा. दोन्ही लाइन्स टियर १ वर ठेवल्या की लोड वाटला जातो, एक टियर १ आणि दुसरी टियर २ ठेवली की नुसतं फेलओव्हर, म्हणजे पहिली मेली की दुसरी. एक लाइन २०० एमबीपीएस आणि दुसरी १०० असेल तर गेटवेच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये वेट २ आणि १ द्या. वाटणी कनेक्शनप्रमाणे होते, त्यामुळे एकच मोठी फाइल ३०० च्या स्पीडने उतरेल अशी अपेक्षा साहेबांच्या मनात आत्ताच मारून टाका.

मॉनिटर आयपी, म्हणजे लाइन जिवंत आहे का बघायला ज्याला पिंग करायचं तो पत्ता, नीट द्या. तो रिकामा ठेवला तर पीएफसेन्स गेटवेलाच पिंग करतं, आणि गेटवे म्हणजे तुमच्याच रॅकमधला मोडेम असेल तर तो उत्तर देतच राहणार, बाहेर रस्त्यावर खोदकामात केबल कापली गेली तरी. एका लाइनला ८.८.८.८, दुसरीला १.१.१.१ द्या, दोघींना एकच पत्ता चालत नाही.

मग लॅनच्या रूलमध्ये गेटवेच्या जागी हा ग्रुप निवडा. त्याच्या वर, गेटवे न देता, दुसऱ्या व्हीलॅनचा (ऑफिसातलंच वेगळं काढलेलं नेटवर्क) आणि व्हीपीएनचा रूल हवा, नाहीतर शाखेचं ट्रॅफिकही इंटरनेटकडे पळतं. नेटबँकिंग किंवा सरकारी पोर्टलवर मध्येच आयपी बदलला की सेशन तुटू शकतं, त्यावर स्टिकी कनेक्शनचा (एका मशीनला एकाच लाइनवर धरून ठेवणारा) पर्याय आहे, पण माझा अनुभव सांगतो की अकाउंट्सच्या मशीन्सना सरळ फेलओव्हर ग्रुपवर टाकलं की फोन येणं थांबतं. डीफॉल्ट गेटवेलाही फेलओव्हर ग्रुपच द्या.

टेस्ट

स्टेटस मेनूमध्ये कार्प उघडा, प्रायमरीवर सगळे मास्टर आणि सेकंडरीवर सगळे बॅकअप दिसले पाहिजेत. दोन्हीकडे मास्टर दिसले तर दोघींना एकमेकींचा आवाजच जात नाहीये. स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (मल्टिकास्ट ट्रॅफिक गाळणारी सेटिंग) २२४.०.०.१८, म्हणजे कार्पचा मल्टिकास्ट पत्ता, अडवतंय का बघा. व्हीएमवेअरवर असाल तर पोर्टग्रुपला प्रॉमिस्क्युअस मोड, मॅक चेंजेस आणि फोर्ज्ड ट्रान्समिट्स तिन्ही अ‍ॅक्सेप्ट करा.

मोठं डाउनलोड आणि पिंग चालू ठेवून प्रायमरीची पॉवर काढा. तीन-चार पिंग चुकतील, डाउनलोड मात्र चालू राहिलं पाहिजे. मग नुसती लॅनची केबल काढून बघा, तेव्हा वॅनसुद्धा सेकंडरीकडे गेलं पाहिजे, अर्धं इकडे अर्धं तिकडे राहिलं तर काहीतरी चुकलंय.

पुढे अपग्रेड करायचं झालं तर आधी सेकंडरी करा, मग प्रायमरीला पर्सिस्टंट मेंटेनन्स मोडमध्ये टाका (म्हणजे ती मास्टरपद सोडते), लोक अर्धा तास सेकंडरीवर काम करू देत, आणि कुणाची तक्रार आली नाही तरच प्रायमरीला हात लावा. रीबूटनंतर मेंटेनन्स मोड स्वतःहून जात नाही, तो काढायला मी एकदा विसरलो होतो आणि ऑफिस दोन आठवडे सेकंडरीवरच चाललं, कुणाला कळलंही नाही.