बालसंगोपनात मूल घरी आणलंय? मग या चुका टाळा

सांगली-साताऱ्याकडं बालसंगोपनात, म्हणजे दत्तक न घेता काही काळ सांभाळायला, मूल घेणारी माणसं मनानं चांगलीच असतात ओ, पण सुरुवातीला त्याच त्याच चुका होतात आणि मग "आमच्याच्यानं नाही व्हायचं" म्हणत लेकरू परत संस्थेत जातं.

सगळ्यात वाईट म्हणजे धमकी. "नीट वाग नाहीतर परत सोडून येईन" हे रागात सहज तोंडातून जातं, पोटचं पोरगं ते दोन मिनिटांत विसरतं, पण ज्याला एकदा खरंच कुणीतरी सोडलंय त्याला ते खरंच वाटतं आणि मग ते मुद्दाम जास्त त्रास देऊन बघतं, हे कधी सोडतायत ते. त्यापेक्षा सांगा, "मला राग आलाय, पण रात्री जेवायला एकत्रच बसायचं." कायमचं ठेवून घेईन असं वचन मात्र नको, संगोपन तात्पुरतं असतं, मूल आईकडं परतही जाऊ शकतं.

दुसरं खाणं लपवणं. मिरजेतल्या एका घरी पोरीच्या उशीच्या खोळीत वाळलेली भाकरी आणि गुळाचा खडा निघाला, तोही मुंग्या लागल्यावर. काकू चोरी म्हणून ओरडल्या, तर पोरगी लपवायच्या जागा बदलायला लागली. काउन्सेलरनं मग तिच्या एकटीचा डबा करायला लावला, शेंगदाण्याचे लाडू, राजगिरा वडी, न विचारता कधीही घ्यायचं आणि डबा कधी रिकामा पडू द्यायचा नाही. ही चोरी नव्हेच, उपाशी राहिलेल्या पोटाची भीती आहे ती.

येईल त्या पाहुण्याच्या मांडीवर बसणारं मूल बघून "किती लाघवी" म्हणू नका. भरवशाचं एकही माणूस न मिळालेली पोरं बऱ्याचदा अशी कुणाकडंही जातात. जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञानं १९५०च्या दशकात हेच मांडलं, मुलाला एक पक्कं माणूस लागतं. म्हणून सुरुवातीला भरवणं, झोपवणं, लागलं तर फुंकर घालणं घरातल्या एकदोघांनीच करा, सगळी भावकी गोळा करू नका.

थयथयाट केला तर खोलीत कोंडू नका. जवळ बसा, आवाज खाली, उपदेश नंतर.

त्याच्या आईबापाला नावं ठेवू नका, आणि "तिकडं काय झालं सांग" म्हणून खोदूही नका. स्वतःहून अत्याचाराचं काही बोललं तर शांतपणे ऐका, उलटतपासणी नको, पण दाबूनही ठेवू नका, २०१२च्या पोक्सो कायद्यानं लैंगिक अत्याचार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावा आणि अशा मुलांचे निर्णय घेणाऱ्या बाल कल्याण समितीलाही सांगा.