आठवडाभर घरचं आणि अख्ख्या धान्याचं: तयारीची यादी

फोडणी कशी करायची हे इथे मिळणार नाही. ते तुम्हाला येतंच. पाकिटं बंद, मैदा बंद, घरातल्या चौघा-पाचजणांना अख्खं धान्य, कडधान्य, पालेभाज्या असं खायला घालायचं ठरवलं की स्वयंपाक आडवा येत नाही, आदली रात्र आडवी येते. आमचा पहिला आठवडा सोमवारी सकाळीच गडगडला. भाकरीचं पीठ ताजं, खोबरं खवलेलं, कोथिंबीर निवडलेली, आणि मटकी बरणीत कोरडी ठणठणीत. मुलांच्या डब्यात ब्रेड-जॅम गेला. तेव्हा फ्रीजच्या दारावर आजच एक कागद लावा: भिजत घातलं का? रोज रात्री भांडी आवरताना तो मोठ्याने वाचा, घरच्यांनी चेष्टा केली तरी.

भांडी तुमच्याकडे आहेतच. कुकरची रिंग तेवढी तपासा. ती सैल असेल तर हरभरे शिजत नाहीत आणि बोल हरभऱ्यांना लागतो. सुती फडकी दोन-तीन हवीत, मोड आणायला.

आता बेत. आपण आधी भाजी ठरवतो आणि मग डाळीकडे वळतो. इथे उलटं करा, आधी कडधान्य ठरवा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये ज्या आहारविषयक सूचना दिल्या, त्यात २००० कॅलरीच्या दिवसाला धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम आणि डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम धरली आहेत (अंडी-मासे खाणाऱ्यांनी तेही या ८५ मध्येच मोजायचं). सगळं डाळी-कडधान्यांतूनच घ्यायचं तर चौघांचे आठवड्याला दोन किलोंच्या वर होतात. एवढं सगळं रोज तुरीच्या वरणातून पोटात जाणार नाही, म्हणजे उसळी आल्या, म्हणजे भिजवणं आलं. टाळता येत नाही.

प्रत्येकाचं घड्याळ वेगळं आहे. मूग-मटकीला सहा ते आठ तास पुरतात. हरभरे, छोले, राजमा, वाटाणे रात्रभर. चवळी जरा लवकर भिजते. मोड हवे असतील तर भिजण्याच्या वेळेवर आणखी एक दिवस धरा: पाणी निथळून घट्ट फडक्यात बांधायचं, उन्हाळ्यात बारा तासांत मोड येतात, थंडीत दिवस उलटतो, मग गाठोडं डब्यात झाकून ओव्हनमध्ये (बंद ओव्हनमध्ये, अर्थात) ठेवावं लागतं. आणि वाल! बुधवारी डाळिंब्यांची उसळ खायची असेल तर सोमवारी सकाळी वाल भिजत, सोमवारी रात्री फडक्यात, बुधवारी सकाळी कोमट पाण्यात घालून सोलायला बसायचं. म्हणजे बुधवारची उसळ सोमवारी सुरू होते. कॅलेंडरवर उसळ बुधवारच्या चौकोनात लिहू नका, सोमवारच्या चौकोनात ‘वाल भिजत’ असं लिहा. पदार्थ लिहिला तर विसराल. कृती लिहा.

भिजवायचं का, कुकर आहे की, असं घरातलं कोणीतरी म्हणेलच. शिजायला वेळ कमी लागतो हे एक. दुसरं, कडधान्यात फायटेट असतं, ते लोह आणि जस्त अंगी लागू देत नाही. भिजवल्याने आणि मोड आणल्याने ते कमी होतं. वरून लिंबू पिळलं तर लोह आणखी चांगलं शोषलं जातं, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर तेवढंच वाया जातं. राजम्याचं कारण सगळ्यात गंभीर: कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्याने उलट्या-जुलाब होतात. भिजवायचा, ते पाणी ओतून द्यायचं, नव्या पाण्यात खळखळून उकळायचा, कुकरमध्ये पूर्ण मऊ करायचा. दाताखाली टच्चकन लागला तर मुलांना वाढू नका. चिंच-टोमॅटो कडधान्य शिजल्यावरच, आधी आंबट पडलं की ते मऊ व्हायला फार वेळ घेतं.

विसरलातच तर पळवाट आहे: कडधान्य उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, गॅस बंद, झाकण घालून तासभर, पाणी ओतून कुकर. याने हरभरे शिजतात, मोड येत नाहीत. सकाळी सातला डबा असेल तर हीही पळवाट नाही. तेव्हा पिठलं करा, आणि कागद वाचा.

गिरणी. ज्वारी-बाजरी आठवड्यापुरतीच दळून आणा, महिन्याची नाही. बाजरीत तेलाचा अंश जास्त, पीठ आठ-दहा दिवसांत कडवट होतं. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी जाते, भाकरी थापताना कडेने चिरते, आणि आपण उगाच स्वतःच्या हाताला नावं ठेवतो. गरम पाण्याने पीठ मळल्यावर थोडं सावरतं, पण थोडंच. ज्वारीत मालदांडी मिळाली तर बघा; मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही आहे. गव्हाचा आटा चाळू नका, कोंड्यासाठी तर दळून आणलाय. नाचणी थोडीच, पण आणाच: १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. आंबील, नाहीतर डोशाच्या पिठात एक वाटी. डोसा म्हटलं की उडीद आले, आणि उडीदही (ओळखलंत) भिजत घालायचे असतात. हातसडीचा तांदूळसुद्धा, निदान तासभर, आणि पाणी जास्त. तो एकदम पाच किलो आणू नका, कोंड्यातल्या तेलाने खवट होतो.

बाजार: पालेभाज्या दोन, तीन नाही. मेथी किंवा शेपू सोमवारी, अंबाडी मंगळवारी, कण्या घालून आणि वरून लसणाची फोडणी. रविवारीच निवडा, पण धुऊ नका आणि चिरू नका. कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवा. फळभाज्या नेहमीच्याच.

रविवार दुपारचा एक तास चटण्यांना द्या, हा तास वाया जात नाही. शेंगदाणे, तीळ, जवस, कारळे वेगवेगळे भाजा, कारण प्रत्येकाची आच वेगळी. तीळ तडतडेपर्यंत शेंगदाण्याला अजून डागही पडलेले नसतात. जवसाची चटणी फ्रीजमध्ये, बाकीच्या घट्ट झाकणाच्या बरणीत. भाकरी-उसळ नको म्हणणारं पोर दही-चटणी-भाकरी खातं, हा आमच्याकडचा अनुभव. मीठ हात आखडून. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी म्हणते, आणि लोणचं-पापडातलंही त्यातच मोजायचं असतं. सासू-सासऱ्यांना आधीच सांगून ठेवा, ताटावर बसल्यावर नको.

आणि एकदम सगळं बदलू नका. मैद्यावर वाढलेल्या पोटात पहिल्याच दिवशी बाजरी, छोले आणि सॅलड गेलं की रात्री गॅसने सगळे कळवळतात आणि दोष तुमच्या उत्साहाला. पहिला आठवडा एक वेळ भाकरी, एक वेळ पोळी. पाणी जास्त प्यायला लावा.

रविवार रात्र. मटकी शनिवारी रात्रीच भिजायला हवी होती, रविवारी सकाळी फडक्यात, तर सोमवारी मोड. केलं होतंत ना? एक वाटी कोरड्या मटकीची मोड आल्यावर अडीच-तीन वाट्या होते, चौघांना पुरते. जास्तीची मोडाची मटकी फ्रीजमध्ये दोन दिवस बरी राहते. कच्चे मोड लहानांना आणि म्हाताऱ्यांना नको, वाफवून द्या.

सोमवार मटकी, मंगळवार अंबाडी आणि वरण, बुधवार डाळिंब्या. गुरुवारी मसूर, कारण तोपर्यंत तुम्ही दमलेले असता आणि मसुराला भिजवावं लागत नाही. शुक्रवारी थालीपीठ, भाजणी घरात असली तर. नसली तर उरलेली सगळी पिठं एकत्र, कांदा, झालं. शनिवारी बाहेर जेवायचं असेल तर खुशाल जा. निघण्याआधी हरभरे भिजत घाला, मग कुलूप.