आईवडिलांच्या सुपर व्हिसासाठी आरोग्य विमा घेताना

कॅनडात स्थायिक झालेल्या मुलामुलींनी आईवडिलांसाठी सुपर व्हिसाचा, म्हणजे त्यांना कॅनडात दीर्घकाळ भेटीला राहू देणाऱ्या व्हिसाचा, अर्ज करताना आरोग्य विमा आधी घ्यावा लागतो. नुसते कोटेशन जोडून चालत नाही, तर पूर्ण रक्कम किंवा हप्त्यांच्या योजनेतील आगाऊ रक्कम भरल्याचा पुरावा लागतो. विमा किमान 1,00,000 कॅनेडियन डॉलरचा व प्रवेशाच्या दिवसापासून किमान एक वर्षाचा असावा, आणि त्यात उपचार, रुग्णालयात भरती व मायदेशी परत पाठवण्याचा खर्च यायला हवा.

खरी काळजी घ्यायची ती जुन्या आजारांची. पुष्कळ पॉलिसींत आजार ‘स्थिर’ असेल तरच संरक्षण मिळते, म्हणजे ठरावीक काळात, उदाहरणार्थ 90 किंवा 180 दिवसांत, औषध किंवा त्याची मात्रा बदललेली चालत नाही. निघण्याच्या महिनाभर आधी रक्तदाबाची गोळी 25 वरून 50 मिलिग्रॅमची झाली, तर तेवढ्यावरूनही दावा नाकारला जाऊ शकतो. म्हणून आरोग्याची प्रश्नावली अंदाजाने भरू नये. आईला फोनवर घेऊन, गोळ्यांची पाकिटे समोर ठेवायला सांगून, एकेक नाव वाचून घ्यावे. “बाबांना तसं काही नाही” हे उत्तर पुरेसे मानू नये.

व्हिसा नाकारला गेल्यास पैसे परत मिळतील का, हे लेखी पाहावे. पॉलिसीची छापील प्रत हातातल्या बॅगेत असू द्यावी. विमानतळावरील अधिकारी ती मागू शकतात.