अमेरिकेत घर विकताना: आधी प्रायव्हेट, की थेट एमएलएसवर?

एडिसन, फ्रिस्को, फ्रीमाँट, कुठेही घर विकायला काढा, हल्ली एजंट पहिल्याच भेटीत एक प्रस्ताव ठेवण्याची बरीच शक्यता असते: घर लगेच एमएलएसवर (एजंटांच्या सामाईक यादीवर) नको, आधी दोन-तीन आठवडे आमच्या कंपनीतच ‘प्रायव्हेट’ फिरवू. कंपास ही मोठी ब्रोकरेज कंपनी या मार्गाचा जोरदार पुरस्कार करते, झिलो या घरं शोधण्याच्या संकेतस्थळाने २०२५ मध्ये त्याविरुद्ध नियम काढला आणि त्यावरून कंपास कोर्टात गेली. भांडण त्यांचं आहे, पण कागदावर सही तुमची लागते. ती करण्याआधी काय विचारायचं, काय लिहून घ्यायचं आणि गणित कसं मांडायचं, ते इथे आहे.

आमचं मत आधीच सांगतो. घर प्रायव्हेट ठेवायचं असेल तर त्याचं एका वाक्यात सांगता येईल असं कारण तुमच्याकडे हवं. कारण फक्त एजंटकडे असेल तर थेट एमएलएसवर जा.

चार प्रकार, आणि कोणाला काय दिसतं

एमएलएस म्हणजे एजंटांची सामाईक यादी. देशभर एकच नाही, शेकडो आहेत: उत्तर जर्सीत गार्डन स्टेट, डॅलसकडे एनट्रीस, वॉशिंग्टन डीसी-फिलाडेल्फिया पट्ट्यात ब्राइट. घर तिथे चढलं की झिलो, रेडफिन, रिअल्टर डॉट कॉम वगैरे सगळीकडे आपोआप दिसू लागतं. नियम मात्र प्रत्येक यादीचे थोडे वेगळे असतात.

‘ऑफिस एक्सक्लुझिव्ह’ घर फक्त त्या एका कंपनीच्या एजंटांना आणि त्यांच्या ग्राहकांना कळतं. ‘डिलेड मार्केटिंग’मध्ये घर एमएलएसवर असतं, दुसऱ्या कंपन्यांचे एजंटही ते पाहतात आणि ग्राहकाला दाखवू शकतात, पण ठरावीक दिवस ते झिलोसारख्या ठिकाणी जात नाही. ‘कमिंग सून’मध्ये जाहिरात सुरू होते, पण बहुतेक ठिकाणी घर दाखवता येत नाही. आणि चौथा साधा ‘अ‍ॅक्टिव्ह’. डिलेड मार्केटिंगची सोय एनएआर या रिअल्टरांच्या राष्ट्रीय संघटनेने मार्च २०२५ मध्ये आणली, किती दिवस ते प्रत्येक एमएलएसवर सोडलं, आणि त्यासाठी विक्रेत्याची लेखी संमती बंधनकारक केली. एजंट नुसतं ‘प्रायव्हेट’ म्हणाला तर यातलं नेमकं कोणतं, हे विचारा. पुष्कळांना प्रायव्हसी हवी असते ती शेजाऱ्यांपासून, गिऱ्हाइकांपासून नव्हे. त्यांच्यासाठी डिलेड मार्केटिंग पुरेसं असतं, ऑफिस एक्सक्लुझिव्हची गरज नसते.

सिएटलच्या बाजूला हा प्रश्न वेगळाच आहे. तिथल्या नॉर्थवेस्ट एमएलएसने ऑफिस एक्सक्लुझिव्हला वावच ठेवला नव्हता, म्हणून एप्रिल २०२५ मध्ये कंपासने तिच्यावरही दावा लावला.

कमिशनचं गणित कागदावर मांडा

घर ८,००,००० डॉलरचं धरा. दोन्ही बाजूंचं कमिशन अडीच-अडीच टक्के आणि दोन्ही तुम्हीच देणार असं समजा. (दर कायद्याने ठरलेला नाही, घासाघीस करता येते.)

उघड्या बाजारात ८,००,००० ला विकलं, गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीच्या एजंटने आणलं: तुमच्या हातात ७,६०,०००, तुमच्या एजंटच्या कंपनीला २०,०००.

प्रायव्हेटमध्ये ७,७५,००० ला विकलं, गिऱ्हाईकही त्याच कंपनीचं: तुमच्या हातात ७,३६,२५०, कंपनीला ३८,७५०.

म्हणजे घर २५,००० ने स्वस्त गेलं, तुम्हाला २३,७५० चा फटका बसला आणि कंपनीचे १८,७५० वाढले. एजंट लबाड आहे असं यातून सिद्ध होत नाही, पण त्याचा सल्ला कुठल्या बाजूला झुकू शकतो ते दिसतं. उपाय साधा: एजंटशी होणाऱ्या लिस्टिंग करारात लिहून घ्या की दोन्ही बाजू एकाच कंपनीच्या असतील तर एकूण कमिशन, समजा, साडेतीन टक्के. मग प्रायव्हेट ऑफर सुमारे ७,८७,६०० ची आली तरी तुमच्या हातात तेच ७,६०,००० पडतात. हा आकडा आधीच काढून ठेवा, ऑफर आली की तिथेच ताडून बघता येते. हे कलम घालायला एजंट अजिबात तयार नसेल, तर प्रायव्हेटचा आग्रह कशासाठी होता ते वेगळं विचारायला नको.

एकच एजंट दोन्ही पक्षांचा झाला तर तो तुमच्या बाजूने भाव ताणू शकत नाही. कोलोरॅडोसारख्या काही राज्यांत अशा दुहेरी एजन्सीला मुळात परवानगीच नाही.

‘भाव चाचपून पाहू’ या युक्तिवादात कितपत दम आहे

प्रायव्हेटच्या बाजूचा सर्वात सशक्त मुद्दा हा: एमएलएसवर ‘डेज ऑन मार्केट’चं घड्याळ सुरू होतं, भाव उतरवला तर त्याची नोंद राहते, आणि ४० दिवस पडून असलेलं घर पाहून गिऱ्हाईक ‘यात काहीतरी खोट असणार’ म्हणतं. प्रायव्हेटमध्ये हे डाग लागत नाहीत. हे खरंच आहे.

पण चाचपणीतून उत्तर मिळायला हवं ना? दोन आठवड्यांत ऑफर आली नाही, तर भाव चुकला की घर कोणी पाहिलंच नाही, हे कळायला मार्ग नसतो. उलट पहिल्याच आठवड्यात मागितलेल्या भावाला ऑफर आली, तर भाव बरोबर होता की कमी लावला होता, हेही कळत नाही, कारण समोर दुसरा बोली लावणारा नव्हता. म्हणून आधी आसपासची, तुलना होईल अशी घरं बघा. तुमच्याच वसाहतीत, त्याच बिल्डरची, त्याच नकाशाची तीन घरं गेल्या सहा महिन्यांत विकली गेली असतील तर भाव माहीतच आहे, चाचपायला काही उरलेलं नाही. पाच एकरांवरचं, कोणाशीच तुलना न होणारं घर असेल तर गोष्ट वेगळी.

दोन्ही बाजू आकडे पुढे करतील. झिलोच्या अभ्यासानुसार २०२३ आणि २०२४ मध्ये एमएलएसबाहेर विकणाऱ्यांना साधारण ४,९७५ डॉलर कमी मिळाले. कंपासच्या हिशोबाने आधी प्रायव्हेट फिरवून मग बाजारात आणलेली घरं २.९ टक्के जास्त भावाने गेली. दोघांचाही धंदा उत्तरावर अवलंबून आहे, आणि दोघं मोजतात त्या वस्तूही वेगळ्या: एक कायम बाहेर राहिलेली घरं मोजतो, दुसरा शेवटी बाजारात आलेली. तुमच्या घराचा निर्णय या आकड्यांवर घेऊ नका.

प्रायव्हेट ठेवायचंच असेल तर

योग्य कारणं असतात. घरात भाडेकरू आहे आणि रोज दाखवणं जमणार नाही. घरात आजारी माणूस किंवा तान्हं बाळ आहे. घटस्फोट चालू आहे. स्वयंपाकघराचं काम अर्धवट आहे. अशा वेळी करारात या गोष्टी घाला:

१. प्रायव्हेटची शेवटची तारीख. ‘साधारण तीन आठवडे’ नको, तारीख हवी. आमच्या मते १४ दिवस पुरे.
२. त्या तारखेला घर आपोआप एमएलएसवर जाईल, नव्याने विचारायची गरज नाही. मुदत वाढवायची तर तुमची नवी सही लागेल.
३. आलेली प्रत्येक ऑफर आणि झालेलं प्रत्येक शोइंग लेखी कळवलं जाईल.
४. गिऱ्हाईक त्याच कंपनीचं असेल तर कमिशन किती.
५. आधीपासून ओळखीचं गिऱ्हाईक (शेजारी, मावसभाऊ, ऑफिसातला मित्र) असेल तर त्याचं नाव घालून अपवाद: याने घेतलं तर कमिशन नाही किंवा एवढंच.

पाचवा मुद्दा लोक हमखास विसरतात आणि ओळखीच्याच माणसाला विकून पूर्ण कमिशन भरतात. खरं तर गिऱ्हाईक ठरलेलंच असेल तर लिस्टिंग कशाला? स्वतंत्र अप्रेझरकडून किंमत काढून घ्या आणि व्यवहार वकिलाकडे द्या. न्यू जर्सीत ब्रोकरने केलेल्या करारावर वकिलाच्या तपासणीसाठी तीन कामकाजाचे दिवस मिळतात, पण करार तुम्हीच आपसात लिहिला तर ती सोय गृहीत धरू नका, वकील आधीच गाठा.

टेक्सासात आणखी एक अडचण. तिथे विक्रीची किंमत सरकारदरबारी जाहीर करावी लागत नाही, त्यामुळे आसपासच्या भावांचा मुख्य आधार एमएलएसच. गल्लीतली घरं गुपचूप विकली जात असतील तर तुमच्या अप्रेझरलाही तुलनेला घरं सापडत नाहीत.

बोर्ड, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप

एनएआरच्या २०२० पासूनच्या नियमानुसार एजंटने घराची जाहीर जाहिरात केली की एका कामकाजाच्या दिवसात ते एमएलएसवर टाकावं लागतं. अंगणातला बोर्ड, सार्वजनिक संकेतस्थळ, अनेकांना एकगठ्ठा ईमेल, हे सगळं जाहीर धरलं जातं. एका ब्रोकरने दुसऱ्याला एकट्याला सांगणं त्यात येत नाही. झिलोने जून २०२५ च्या अखेरीपासून यावर स्वतःचा दंड ठेवला: जाहिरात झाली आणि घर वेळेत एमएलएसवर आलं नाही, तर त्या एजंटशी असलेला करार संपेपर्यंत ते झिलोवर दिसेनासं होऊ शकतं. एजंटने उत्साहात टाकलेल्या एका रीलमुळे तुम्ही नंतरची सगळ्यात मोठी खिडकी गमावू शकता. हे नियम वारंवार हलत असतात, म्हणून सही करायच्या दिवशी ‘आज काय लागू आहे’ हे एजंटकडून ईमेलवर लिहून घ्या.

मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घर टाकताना शब्द जपून वापरा. ‘पूर्वाभिमुख, चार बेडरूम, शाळेपासून दहा मिनिटं’ हे घराचं वर्णन आहे, चालतं. ‘भारतीय कुटुंबाला प्राधान्य’, ‘शक्यतो शाकाहारी हिंदू’ हे चालत नाही. १९६८ च्या फेअर हाऊसिंग कायद्यात धर्म, वंश, मूळ देश यांवरून पसंती दाखवणारी जाहिरात बेकायदा आहे, आणि एजंटशिवाय स्वतः घर विकणाऱ्या मालकालाही जाहिरातीच्या बाबतीत सूट नाही.

घेणाऱ्यांसाठी थोडक्यात

१७ ऑगस्ट २०२४ पासून एमएलएसशी जोडलेल्या एजंटबरोबर घर पाहण्याआधी लेखी करार लागतो. प्रायव्हेट घर दाखवतो म्हणून विकणाऱ्याच्याच कंपनीचा एजंट सहा महिन्यांचा करार पुढे करेल. तो त्या एका घरापुरता किंवा एका आठवड्यापुरता करून मागा. तुमचा आधीचा एजंट असेल तर त्यालाच त्या कंपनीत फोन करायला लावा.

पुण्याला परत गेलेल्यांसाठी

मागे राहिलेलं घर कटकट नको म्हणून प्रायव्हेटमध्ये विकण्याकडे कल असतो. तुम्ही अमेरिकन नागरिक नसाल आणि आता करदृष्ट्या तिथले रहिवासीही नसाल, तर फर्प्टा कायद्याखाली घेणाऱ्याने विक्रीकिमतीच्या १५ टक्के रक्कम कापून आयआरएसला (अमेरिकेच्या करखात्याला) भरायची असते, नफा कितीही असो. घेणारा स्वतः राहायला येणार असेल तर १० लाख डॉलरपर्यंत हा दर १० टक्के होतो आणि ३ लाखांपर्यंत कपात टळू शकते. प्रायव्हेटमध्ये झटपट रोख देणारं गिऱ्हाईक पुष्कळदा गुंतवणूकदार असतं, तो राहायला येत नाही, आणि मग पूर्ण १५ टक्के अडकतात. प्रत्यक्ष कर त्याहून कमी बसणार असेल तर कपात कमी करून मागणारा फॉर्म ८२८८-बी क्लोजिंगच्या (व्यवहार पूर्ण होण्याच्या) दिवसापर्यंत दाखल झालेला हवा. नंतर पाठवला तर पैसे परत मिळवायला पुढच्या वर्षी रिटर्न भरेपर्यंत थांबावं लागतं.