हिरवी खूण खोटी बोलते तेव्हा: गिटहब ॲक्शन्स सांभाळताना या चुका टाळा

लाल बिल्ड (म्हणजे कोड आपोआप बांधून तपासताना पडलेली फेरी) निदान दिसतो तरी. कोणीतरी लॉग उघडतं, चरफडतं आणि दुरुस्त करतं. प्रकल्पाला खरा फटका बसतो तो टेस्ट फुटूनही हिरव्या राहिलेल्या बिल्डचा, नाहीतर कोणाला पत्ता न लागता चालायचाच थांबलेल्या बिल्डचा. ट्रॅव्हिस सीआय (सीआय म्हणजे प्रत्येक बदलावर कोड आपोआप तपासणारी यंत्रणा) या सेवेने २०२० च्या अखेरीस मोफत सेवेचे नियम बदलले आणि कितीतरी ओपन सोर्स प्रकल्प घाईघाईने गिटहबच्या अशाच सेवेवर, गिटहब ॲक्शन्सवर आले. त्या घाईत लिहिलेली वर्कफ्लो फाइल (काय आणि कधी चालवायचं ते सांगणारी) तुमच्याकडे अजून तशीच असेल, तर ती शेजारच्या खिडकीत उघडून पुढचं वाचा.

टेस्ट फुटते, बिल्ड हिरवाच

सगळ्यांत फसवी ओळ म्हणजे ‘पायटेस्ट | टी टेस्ट.लॉग’ (pytest | tee test.log); पायटेस्ट पायथनच्या टेस्ट चालवतं. आउटपुट पडद्यावर दिसावं आणि फाइलीतही जावं, एवढाच तिचा हेतू. पण पाइप (‘|’) आला की बॅश हे शेल शेवटच्या कमांडचा एक्झिट कोड (जमलं तर ०, फसलं तर दुसरा आकडा) धरतं, आणि ‘टी’ला फाइल लिहिता आली की तिचा कोड ० असतो. पायटेस्टने परत दिलेला १ वाटेतच गडप होतो. यात गिटहबची एक खोच आहे. स्टेपमध्ये ‘शेल’ लिहिलंच नाही, तर लिनक्स रनरवर (जॉब चालवणाऱ्या मशीनवर) नुसतं ‘बॅश -ई’ चालतं. ‘शेल: बॅश’ असं स्वतः लिहिलं, की त्याला ‘पाइपफेल’ जोडलं जातं (पाइपमधली कुठलीही कमांड पडली की स्टेप पडते). म्हणजे जे आपोआप मिळतं तेच हाताने लिहिल्यावर वागणूक बदलते! म्हणून वर्कफ्लोच्या वरच्या भागात ‘डिफॉल्ट्स’, त्याखाली ‘रन’ आणि त्याखाली ‘शेल: बॅश’ असं एकदाच लिहून टाका. विंडोज रनरवरही मग पॉवरशेलऐवजी बॅशच मिळतं आणि एकाच स्क्रिप्टच्या दोन आवृत्त्या पोसाव्या लागत नाहीत.

त्यानंतर फाइलीत चूक गिळून टाकणारे ‘कंटिन्यू-ऑन-एरर’ आणि ‘|| ट्रू’ शोधा. एखाद्या तापदायक टेस्टसाठी कोणीतरी ‘तात्पुरतं’ म्हणून टाकलेलं असतं आणि काढायचं राहून जातं. पायथनचं युनिटटेस्ट वापरत असाल तर आणखी एक पाहा: ३.१२ च्या आधी एकही टेस्ट सापडली नाही तरी ते ० परत द्यायचं. फोल्डरचं नाव बदललं, शून्य टेस्ट चालल्या, खूण हिरवी. पायटेस्ट अशा वेळी ५ देतं आणि बिल्ड पडतो. पडताळणी सोपी आहे. वेगळ्या ब्रँचवर मुद्दाम एक टेस्ट मोडा, पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये मर्ज करण्याची विनंती) उघडा आणि मर्जचं बटण खरंच अडतं का ते बघा.

मर्जचं बटण अडवणाऱ्या आवश्यक चेकमध्येही असाच घोळ आहे. मॅट्रिक्समधले (त्याच टेस्ट वेगवेगळ्या आवृत्त्यांवर चालवणारे) जॉब संपल्यावर चालणारा एक शेवटचा जॉब ठेवायचा आणि फक्त तोच आवश्यक करायचा, ही पद्धत चांगली आहे. पण ‘नीड्स’मधला (ज्यांच्यावर हा जॉब अवलंबून आहे त्यांतला) एखादा जॉब पडला की हा शेवटचा जॉब आपोआप वगळला जातो, आणि वगळलेला जॉब गिटहब यशस्वी धरतं. टेस्ट पडली, तपासणारा वगळला गेला, पीआर मर्जला मोकळा. त्या जॉबला ‘इफ: ऑलवेज()’ हवंच. त्यातल्या स्टेपमध्ये ‘नीड्स’मधल्या प्रत्येक जॉबचा निकाल ‘सक्सेस’ आहे का ते तपासा आणि नसेल तिथे ‘एक्झिट १’ करा.

याच्या उलट त्रासही होतो. वर्कफ्लोला ‘पाथ्स’ची (ठरावीक फाइली बदलल्या तरच चालण्याची) चाळणी लावली आणि तोच चेक आवश्यक ठेवला, तर फक्त कागदपत्रं बदलणारा पीआर कायमचा लटकतो. वर्कफ्लो सुरूच होत नाही आणि गिटहब त्याच्या निकालाची वाट बघत बसतं. मॅट्रिक्समधून पायथन ३.९ काढलं पण आवश्यक चेकच्या यादीत त्या आवृत्तीचा जॉब राहिला, तरी हेच. चाळणी वर्कफ्लोवर न लावता जॉबच्या ‘इफ’मध्ये आणली आणि आवश्यक म्हणून तो एकच शेवटचा जॉब ठेवला की दोन्ही दुखणी जातात. मात्र जे जॉब असे मुद्दाम वगळले जातात, त्यांच्यापुरता ‘स्किप्ड’ हा निकालही चालवून घ्या.

माझ्याकडे चालतं, सीआयवर नाही

आधी क्षुल्लक कारण बघा. यामलमध्ये (वर्कफ्लो फाइल याच स्वरूपात असते) ३.१० अवतरणचिन्हांशिवाय लिहिलं की तो दशांश अपूर्णांक ठरतो आणि त्याचं ३.१ होतं. गो भाषेच्या १.२० चंही १.२ होतं. आवृत्ती नेहमी अवतरणात लिहा.

दुसरं कारण चेकआउटचं. कोड रनरवर आणणारी चेकआउट ॲक्शन (ॲक्शन म्हणजे वर्कफ्लोत वापरायचा तयार तुकडा) मुळात फक्त शेवटची एकच कमिट (नोंदवलेला बदल) आणते, टॅग (आवृत्तीच्या खुणा) आणत नाही. आवृत्ती क्रमांक गिट टॅगवरून काढणारी साधनं मग अडखळतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे चुकीचा क्रमांक बेधडक छापतात. रिलीज आणि पॅकेजिंगच्या जॉबमध्ये ‘फेच-डेप्थ: ०’ द्या, बाकीच्या जॉबना पूर्ण इतिहासाची गरज नसते.

पीआरचा जॉब तुमच्या ब्रँचवर चालत नाही, मेनशी (मुख्य ब्रँचशी) केलेल्या तात्पुरत्या मर्जवर चालतो. लॅपटॉपवर हिरवं आणि तिथे लाल असेल, तर आधी मेन ओढून घ्या. इथे पुष्कळ जण फसतात: मेनवर दुरुस्ती केली आणि अडकलेल्या पीआरवर ‘री-रन’ दाबलं, तर तो जॉब जुन्याच कमिटवर पुन्हा चालतो. तुमची दुरुस्ती त्याला दिसतच नाही. पीआरमध्ये नवी कमिट ढकला किंवा रीबेस करा (बदल ताज्या मेनवर पुन्हा बसवा).

‘उबंटू-लेटेस्ट’ हे रनरचं नाव म्हणजे हलतं लक्ष्य आहे. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात ते २२.०४ वरून २४.०४ वर सरकलं आणि आधीपासून बसवलेल्या साधनांवर विसंबलेले बिल्ड फुटले. २०.०४ एप्रिल २०२५ मध्ये काढूनच टाकलं. टेस्टसाठी ‘लेटेस्ट’ चालेल, पण ज्यातून लोकांच्या हातात बायनरी (तयार प्रोग्रॅम) जाते त्या जॉबमध्ये आवृत्ती नाव घेऊन लिहा. नव्या उबंटूवर बांधलेली बायनरी जुन्या जीलिबसीच्या (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीच्या) मशीनवर सुरूच होत नाही, अशी तक्रार मग वापरणाऱ्यांकडून येते.

आपल्याकडच्या मंडळींना छळणारी दोन कारणं वेगळी सांगायला हवीत. रनरचं घड्याळ यूटीसीवर (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) असतं. रात्री १२ ते पहाटे ५:३० या वेळात पुण्यातल्या लॅपटॉपवर नवी तारीख लागलेली असते, रनरवर कालचीच असते. रात्री जागून काम करणाऱ्याची टेस्ट पडते, सकाळी तीच गुपचूप पास होते आणि सगळे तिला लहरी म्हणून सोडून देतात. टेस्टमध्ये ‘आज’ विचारूच नका, ठरलेली तारीख द्या; शिवाय एखादा जॉब ‘टीझेड’मध्ये (वेळक्षेत्राच्या व्हेरिएबलमध्ये) एशिया/कोलकाता ठेवून चालवा. दुसरं देवनागरीचं. विंडोज रनरवर पायथन फाइल उघडताना एन्कोडिंग दिलं नाही, तर देवनागरी नसलेलं सीपी१२५२ गृहीत धरलं जातं आणि ‘नमस्कार’ लिहायला गेलात की ‘चारमॅप’च्या नावाने एरर येते. कोडमध्ये यूटीएफ-८ स्पष्ट लिहा. ‘पायथनयूटीएफ८’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला १ देऊन एरर जाते खरी, पण ती फक्त रनरवरून जाते, वापरणाऱ्याच्या विंडोजवर जशीच्या तशी राहते.

कॅश आणि रांग

एकदा जतन झालेली कॅश (पुढच्या रनसाठी राखलेल्या फाइली) त्याच कीखाली (नावाखाली) बदलता येत नाही. की कायम ‘पिप-कॅश’ अशी ठेवली, तर पहिल्या दिवशीचा माल शेवटपर्यंत मिळत राहील. कीमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम, भाषेची आवृत्ती आणि लॉक फाइलचा (लागणाऱ्या लायब्ररींच्या नेमक्या आवृत्त्यांच्या यादीचा) हॅश घाला. तयार एन्व्हायर्नमेंट किंवा नोड-मॉड्यूल्स कॅश करण्यापेक्षा डाउनलोडचा फोल्डर करा. थोडा वेळ जास्त जातो, पण अर्धवट जुन्या इन्स्टॉलेशनची विचित्र लफडी टळतात. एका पीआरमध्ये तयार झालेली कॅश दुसऱ्या पीआरला मिळत नाही, मेनवरची मात्र सगळ्यांना मिळते. म्हणून तोच वर्कफ्लो मेनवरच्या पुशलाही चालू द्या, नाहीतर प्रत्येक नवा पीआर शून्यापासून सुरू होतो. मोफत जागा रिपॉझिटरीमागे १० जीबी, आणि सात दिवस कोणी हात न लावलेली कॅश पुसली जाते.

जॉबची वेळमर्यादा दिली नाही तर ती ३६० मिनिटं असते. लटकलेली टेस्ट सहा तास रनर अडवून बसते, आणि मोफत खात्यात एका वेळी २० जॉब चालतात, त्यातले मॅकओएसचे फक्त ५. नेहमीच्या वेळेच्या दुप्पट-तिप्पट ‘टाइमआउट-मिनिट्स’ पुरे. ‘कन्करन्सी’ लावून पीआरवरचे जुने रन रद्द करा. मेनवर आणि रिलीजवर मात्र रद्द करू नका, अर्ध्यावर तुटलेलं रिलीज निस्तरणं फार जड जातं.

अनोळखी कोडच्या हाती किल्ल्या

फोर्कवरून (दुसऱ्याने केलेल्या रिपॉझिटरीच्या प्रतीवरून) आलेल्या पीआरला सीक्रेट (जपून ठेवलेले पासवर्ड, टोकन) मिळत नाहीत; त्या जागी रिकामी स्ट्रिंग येते. कव्हरेज अपलोड करणारी किंवा पूर्वदर्शन टाकणारी स्टेप मग पडते. कोणीतरी इंटरनेटवर शोधतं, ‘पुल-रिक्वेस्ट’च्या जागी ‘पुल-रिक्वेस्ट-टार्गेट’ लिहितं आणि सगळं चालू होतं. ही सोय महागात पडते. हा इव्हेंट मूळ रिपॉझिटरीच्या अधिकाराने चालतो, सीक्रेटसह. त्यात पीआरचा कोड चेकआउट करून ‘एनपीएम इन्स्टॉल’ किंवा ‘मेक टेस्ट’ चालवलं, तर पीआर पाठवणाऱ्या कोणाही अनोळखी माणसाला तुमचे टोकन वाचता येतात. लेबल लावणं, स्वागताची टिप्पणी टाकणं एवढ्यापुरताच तो वापरा. कोड चालवायचा तर साध्या ‘पुल-रिक्वेस्ट’मध्येच, आणि सीक्रेट लागणारी स्टेप फोर्कसाठी ‘इफ’ने वगळा.

पीआरचं शीर्षक किंवा ब्रँचचं नाव थेट ‘रन’मधल्या स्क्रिप्टमध्ये टाकणं हीसुद्धा तशीच भगदाडं. शीर्षकात अवतरणचिन्ह बंद करून पुढे अर्धविराम आणि कमांड लिहिली, की ती रनरवर चालते. ते शीर्षक किंवा नाव ‘एन्व्ह’मधून घ्या आणि स्क्रिप्टमध्ये अवतरणात ठेवलेलं शेल व्हेरिएबल म्हणून वापरा.

मार्च २०२५ मध्ये ‘टीजे-ॲक्शन्स/चेंज्ड-फाइल्स’ या ॲक्शनचे जुने टॅग हल्लेखोरांनी दुष्ट कमिटकडे वळवले. २३,००० हून अधिक रिपॉझिटरी ती वापरत होत्या आणि सीक्रेट लॉगमध्ये छापले जात होते. सार्वजनिक प्रकल्पाचा लॉग कोणीही वाचू शकतो. टॅग हलवता येतो, कमिटचा हॅश हलत नाही. त्रयस्थांच्या ॲक्शन ४० अक्षरांच्या पूर्ण हॅशवर बांधा, शेजारी टिप्पणीत आवृत्ती लिहा आणि अपडेटचं काम गिटहबच्या डिपेंडाबॉट या बॉटवर सोपवा. वर्कफ्लोच्या माथ्यावर ‘परमिशन्स’मध्ये ‘कंटेंट्स: रीड’ ठेवून ज्या जॉबला जास्त लागतं त्यालाच ते द्या. पायपीआयवर (पायथन पॅकेजच्या सार्वजनिक साठ्यावर) पॅकेज टाकत असाल तर कायमचा टोकन जपण्याची गरज उरलेली नाही; २०२३ पासून ट्रस्टेड पब्लिशिंगची (असा टोकन न साठवता प्रकाशित करण्याची) सोय आहे.

गुपचूप थांबलेलं काम

सार्वजनिक रिपॉझिटरीत ६० दिवस काही हालचाल नसेल, तर वेळापत्रकावरचे वर्कफ्लो गिटहब बंद करतं. स्थिरावलेल्या लायब्ररीला नेमकी हीच गत येते: कमिट नाहीत म्हणून रात्रीचा बिल्ड बंद, आणि डिपेंडन्सीने (तिला लागणाऱ्या दुसऱ्या लायब्ररीने) मोडतोड केली हे वापरणाऱ्यांकडून कळतं. ॲक्शन्सच्या पानावर जाऊन तो पुन्हा सुरू करावा लागतो. क्रॉनची (वेळापत्रकाच्या ओळीची) वेळ साधारणपणे यूटीसीत धरली जाते. रविवारी पहाटे २:३० ला चालवायचं तर शनिवारचे २१:०० लिहावे लागतात. त्यातही तासाच्या ठोक्यावर गर्दी असते आणि रन उशिरा सुटतात, तेव्हा २१:१७ सारखं आडनिडं मिनिट घ्या. वेळापत्रक फक्त डिफॉल्ट ब्रँचवरचंच पाळलं जातं. दुसऱ्या ब्रँचवर क्रॉन बदलून वाट बघत बसू नका.

रिलीजचंही असंच. वर्कफ्लोने स्वतःच्या गिटहब-टोकनने टॅग ढकलला, तर त्या टॅगवर दुसरा वर्कफ्लो सुरू होत नाही. न संपणारं चक्र टाळण्यासाठी हे मुद्दाम केलेलं आहे. एरर नाही, लॉग नाही, टॅग दिसतो आणि पॅकेज मात्र कुठेच नसतं. टॅग लावणं आणि प्रकाशित करणं हे एकाच वर्कफ्लोचे दोन जॉब करून ‘नीड्स’ने जोडा, किंवा टॅग ढकलायला गिटहब ॲपचा वेगळा टोकन वापरा.