१०५ मैलांचा फास्टबॉल नीट बघायचा कसा

बेसबॉलमधला पिचर (बॉल फेकणारा) बेन जॉइसच्या १०५.५ वाल्या बॉलवर लोक अजून बोलतात आणि बोलायलाच पाहिजे. ३ सप्टेंबर २०२४, एंजल्स विरुद्ध डॉजर्स, नववी इनिंग, समोर हिटर (बॅट्समन) टॉमी एडमन, आणि २३ वर्षांच्या पोराने ताशी १०५.५ मैलाने बॉल फेकून त्याला स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) केला. म्हणजे जवळपास १७० किलोमीटर. २००८ पासून मेजर लीगमध्ये (अमेरिकेतली सगळ्यात वरची बेसबॉल लीग) प्रत्येक पिचचा, म्हणजे फेकलेल्या बॉलचा, वेग नोंदला जातो, त्यात एवढ्या वेगाच्या पिचवर स्ट्राइकआउट आधी कधीच झाला नव्हता. पण बरेच जण स्क्रीनवरचा आकडा बघतात, बापरे म्हणतात आणि पुढे जातात, आणि खरी मजा तिथेच सुटते. असा बॉल बघायला थोडी सवय लागते, ती कशी लावायची ते सांगतो.

सगळ्यात आधी मैलाचा हिशोब डोक्यात बसवा. १.६ ने गुणायचं, झालं. १०० मैल म्हणजे १६१ किलोमीटर, आणि आपल्याला १६१ म्हटलं की शोएब अख्तरच आठवतो, २००३ च्या वर्ल्ड कपमधला तो १६१.३ चा बॉल. तेवढा अंदाज यायला ठीक आहे पण थेट तुलना करत बसू नका, बॉलर पळत येतो, त्याला कोपर सरळ ठेवावं लागतं आणि टप्प्यावर बॉलचा वेग आणखी उतरतो, तर पिचर माउंडवरूनच (मैदानातल्या छोट्या उंचवट्यावरून), कोपर वाकवून, अख्खं अंग झोकून फेकतो आणि मध्ये टप्पा नाहीच. दोन्ही अवघड आहेत पण वेगवेगळ्या कारणांनी.

आता आकडा कुठला आहे ते बघा. हल्ली दाखवतात तो हातातून सुटतानाचा वेग असतो. होम प्लेटपर्यंत (हिटर उभा असतो तिथपर्यंत) जाता जाता हवेमुळे तो ८-९ मैलांनी कमी होतो. हे माहीत नसलं की जुन्या पिचर्सवर फार अन्याय होतो. १९७४ मध्ये नोलन रायनचा बॉल रडारवर १०० मैलांच्या जरा वर मोजला होता, पण तो प्लेटच्या जवळ येताना मोजलेला, म्हणजे आजच्या पद्धतीने धरला तर आकडा बराच वर जाईल. अॅरोल्डिस चॅपमनच्या २०१० च्या सगळ्यात वेगवान बॉलच्या रेकॉर्डचंही तसंच. तेव्हा १०५.१ म्हणून जाहीर झालं, नंतर मोजायची जागा हाताजवळ आणल्यावर जुने आकडे सुधारले आणि आता तोच बॉल १०५.८ म्हणून नोंद आहे. त्यामुळे कोणी दोन काळातल्या आकड्यांवरून वाद घालत असेल तर आधी विचारा, मोजलं कुठे. स्टेडियमच्या बोर्डवरच्या आकड्यावर पण लगेच विश्वास ठेवू नका, तो कधी कधी अधिकृत आकड्यापेक्षा थोडा वेगळा निघतो.

मॅच बघताना मात्र आकड्याकडे सगळ्यात शेवटी बघायचं. टीव्हीचा मुख्य कॅमेरा सेंटर फिल्डच्या मागे, लांब आणि उंचावर असतो, त्या लेन्समध्ये अंतर दाबलं जातं आणि १०४ आणि ९४ मधला फरक डोळ्याला जवळजवळ कळतच नाही. म्हणून बॉलकडे बघू नका, हिटरकडे बघा. त्याचा पुढचा पाय कधी जमिनीवर टेकतो, बॅट कधी निघते, आणि फाउल (रेषेबाहेर गेलेला बॉल) कुठल्या बाजूला जातो. उजव्या हाताच्या हिटरचे फाउल एकामागून एक पहिल्या बेसच्या बाजूला जायला लागले की समजायचं तो उशिरा पोचतोय. एखादा चांगला हिटर बॅट आखूड धरायला लागतो, पाय उचलणं कमी करतो, हे दिसलं की खरा वेग दिसला. कॅचरचा (हिटरच्या मागे बॉल पकडणाऱ्याचा) ग्लोव्ह पण बघा, त्याने जिथे धरला होता तिथेच बॉल आला का त्याला ओढत न्यावा लागला. आणि बाजूच्या कॅमेऱ्याचा रिप्ले मिळाला तर तो नॉर्मल स्पीडलाच बघा, स्लो मोशनमध्ये सगळे बॉल सारखेच दिसतात.

हिटरकडे वेळ किती असतो? पिचरच्या जागेपासून प्लेट १८.४४ मीटरवर, त्यात पिचर पुढे झेपावून फेकतो त्यामुळे प्रत्यक्षात दोनेक मीटर अजून कमी. १०५ चा बॉल ०.४ सेकंदाच्या आत पोचतो. त्यातले साधारण ०.१५ सेकंद बॅट फिरवण्यातच जातात, म्हणजे बॉल ओळखायचा, ठरवायचं आणि सुरुवात करायची हे उरलेल्या वेळात. ९५ च्या बॉलला ह्यापेक्षा फक्त ०.०४ सेकंद जास्त मिळतात, ऐकायला काहीच नाही, पण बॅट बॉलच्या रेषेत त्याहून कमी वेळ असते, त्यामुळे तेवढ्यात फेअर (रेषेच्या आतल्या) बॉलचा फाउल होतो नाहीतर थेट मिस. पिचर जितका पुढे येऊन बॉल सोडतो तितका तो हिटरला आणखी वेगवान वाटतो, त्याला एक्स्टेन्शन म्हणतात, तो आकडाही बघत जा.

आणि हे माझं ठाम मत आहे, नुसता वेग बघून पिचर ठरवू नका. २०१८ मध्ये जॉर्डन हिक्सने ओडुबेल हेरेराला एकाच अॅट-बॅटमध्ये (हिटरच्या एका पाळीत) दोनदा १०५ टाकला, पण त्या सीझनला त्याचे स्ट्राइकआउट इनिंगमागे एकपेक्षा कमीच होते. कारण त्याचा बॉल सिंकर, तो खाली बसतो, त्यावर बॅट लागते पण बॉल जमिनीवरून जातो. फोर-सीम म्हणजे सरळ फास्टबॉल वेगळा, बॅकस्पिनमुळे तो हिटरच्या अंदाजापेक्षा कमी पडतो आणि बॅट खालून जाते. मेसन मिलरचं २०२४ बघा, ६५ इनिंगमध्ये १०४ स्ट्राइकआउट. फास्टबॉल सरासरीच १०१ च्या आसपास, त्यात स्लायडर (जरा हळू, वळणारा बॉल) असा की १०१ च्या तयारीत असलेला हिटर आधीच बॅट फिरवून मोकळा होतो. पुढे पॅड्रेस टीमकडे आल्यावर २०२५ च्या प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत) कब्ज टीमविरुद्ध त्याने १०४.५ टाकला, प्लेऑफमध्ये नोंदला गेलेला सगळ्यात वेगवान बॉल. तर वेग बघितला की लगेच पुढचा प्रश्न, दुसरा पिच काय आहे ह्याच्याकडे.

स्वतः तपासायचं असेल तर मेजर लीगच्या आकडेवारीच्या बेसबॉल सॅव्हंट ह्या साइटवर जा, फुकट आहे. तारीख निवडून मॅच उघडली की प्रत्येक पिचचा वेग, स्पिन, एक्स्टेन्शन सगळं मिळतं, आणि सर्चमध्ये पिच व्हेलॉसिटी १०३ च्या वर असा फिल्टर लावला की यादी समोर येते. त्या यादीत बहुतेक नावं रिलीव्हर्सची (मॅचच्या मध्ये येणाऱ्या पिचर्सची) दिसतील. रिलीव्हरला बहुतेक वेळा एकच इनिंग टाकायची असते, ताकद राखून ठेवायची गरज नाही, तर स्टार्टरला (मॅच सुरू करणाऱ्या पिचरला) तीच माणसं दोन-तीनदा आउट करायची असतात.

ह्या सगळ्यात हाताची काळजी वाटते, आणि वाटायलाच पाहिजे. जॉइसची टॉमी जॉन सर्जरी (कोपराच्या लिगामेंटची) कॉलेजातच झालेली, त्यानंतर २०२२ मध्ये टेनेसी युनिव्हर्सिटीकडून त्याने १०५.५ टाकला, एंजल्सने त्याला ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या निवडीच्या) तिसऱ्या राउंडमध्ये घेतलं, आणि एडमनच्या त्या बॉलनंतर थोड्याच दिवसात खांद्याच्या सुजेमुळे त्याचा सीझन संपला, २०२५ मध्ये खांद्याची सर्जरी. उलट चॅपमन २०२५ मध्ये ३७ व्या वर्षीही १०० टाकत होता, त्यामुळे सगळ्यांचं एकच होतं असंही नाही. म्हणून आवडत्या पिचरचा एका बॉलचा मोठा आकडा लक्षात ठेवण्यापेक्षा प्रत्येक मॅचची सरासरी बघत जा. ती अचानक दोन मैलांनी खाली आली, बॉल वरच्या बाजूला सुटायला लागले आणि दोन मॅचमधली सुट्टी वाढली, तर पुढच्या वेळी स्कोअर बघायच्या आधी इंज्युर्ड लिस्ट (जखमी खेळाडूंची यादी) बघा.